घरमालकांचं वायफाय, आपला कॅमेरा

दोस्तांनो, आई-बाबा कामावर, तुम्ही शाळेत; मग भाड्याच्या खोलीवर नजर कोण ठेवणार? हल्ली दाराशी छोटा कॅमेरा लावतात. पण वायफाय घरमालकांचं असेल तर आधी त्यांना विचारायचं, बरं का! कॅमेरा रात्रंदिवस चित्रं पाठवत राहिला तर सगळ्या बिऱ्हाडांचं इंटरनेट रखडतं. हालचाल झाली तरच चित्रण होईल असं ठेवा आणि ते कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डावर साठवा.

खरी गोम पुढेच आहे. एका वायफायवरची यंत्रं म्हणजे एका वाड्यातली बिऱ्हाडं, सहसा एकमेकांची दारं ठोठावू शकतात. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला तर दार उघडंच की! २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने असे ठरावीक पासवर्ड वापरूनच जगभरातले लाखो कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्या माऱ्यामुळे अमेरिकेत ट्विटरसुद्धा काही तास अडखळलं!

तेव्हा पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय निघत असेल, तर बाबांना ते मागून घ्यायला सांगा. आणि हो, कॅमेऱ्याचं तोंड समोरच्या काकूंच्या दाराकडे नको. त्या कधी येतात-जातात, ते आपल्याला कशाला हवं?