एक चलन, दोन राष्ट्रे

हेब्रॉनच्या बाजारात भाजी घेणारा पॅलेस्टिनी गृहस्थ आणि तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या किर्यात अर्बा या ज्यू वसाहतीत राहणारा इस्रायली गृहस्थ, दोघेही खिशातून शेकेलच काढतात. दोघांच्याही नोटांवर बँक ऑफ इस्रायलची मुद्रा असते. परदेशातून आलेल्या मालावरची जकात दोघांच्याही बाबतीत इस्रायलचेच अधिकारी इस्रायलच्याच बंदरात वसूल करतात. फरक त्यापुढे सुरू होतो. किर्यात अर्बाचा रहिवासी इस्रायलच्या संसदेसाठी, म्हणजे क्नेसेटसाठी, मतदान करतो आणि त्याला इस्रायलचा मुलकी कायदा लागू होतो. हेब्रॉनच्या पॅलेस्टिनी रहिवाशाला क्नेसेटसाठी मत नाही, आणि त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालू शकतो.

इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांना एकाच राज्यात नांदता येईल काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा भविष्यकाळात होते. वस्तुतः त्या प्रश्नाचा अर्धा भाग भूतकाळातच निकालात निघाला आहे. जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांच्यामधील भूमीचा आर्थिक व्यवहार १९६७ पासून एका सत्तेच्या हाती आहे. १९९४ च्या पॅरिस कराराने तर त्याला लेखी रूपही दिले. पॅलेस्टिनी प्रशासनाला स्वतःचे चलन नाही. आयात मालावरील कर इस्रायल गोळा करतो, आपली फी कापून घेतो आणि उरलेली रक्कम पॅलेस्टिनी प्रशासनाला देतो. या प्रशासनाच्या महसुलाचा मोठा भाग हाच असल्याने ती रक्कम रोखली, की शिक्षकांचे आणि परिचारिकांचे पगार थकतात. इस्रायलने ती वेळोवेळी रोखलीही आहे. अर्थव्यवस्था एक आणि नागरिकत्व मात्र एक नाही, हे या भूमीचे आजचे वास्तव आहे.

१९४७ ची विसरलेली योजना

या प्रश्नाशी भारताचा संबंध जुना आहे. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनसाठी अकरा देशांची विशेष समिती नेमली. तीत भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान हे होते. समितीतील सात देशांनी फाळणीची शिफारस केली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी मात्र अल्पमताचा अहवाल देऊन एका संघराज्याची कल्पना मांडली. अरब आणि ज्यू अशी दोन घटकराज्ये आणि जेरुसलेम ही समाईक राजधानी, असे तिचे स्वरूप होते. ज्या ऑगस्टमध्ये भारताची स्वतःची फाळणी झाली, त्याच महिन्याच्या अखेरीस हा अहवाल पूर्ण व्हावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. अर्थात ही संघराज्याची योजना ना ज्यू नेतृत्वाने मानली, ना अरब नेतृत्वाने. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी संमत केली. विरोधी मतांत भारताचे मत होते.

परंतु संमत झालेल्या त्या ठरावाचा एक भाग आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. तो ठराव निव्वळ फाळणीचा नव्हता, तर आर्थिक संघासह फाळणीचा होता. दोन राज्ये झाली तरी त्यांची जकात एक, चलनव्यवस्था समाईक आणि रेल्वे, बंदरे, पाणी यांचा कारभार संयुक्त आर्थिक मंडळाकडे, अशी तरतूद त्यात होती. या मंडळावर दोन्ही राज्यांचे प्रत्येकी तीन आणि संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले तीन सभासद असायचे होते. युद्ध पेटले आणि ते मंडळ जन्मालाच आले नाही. आज जकात आणि चलन समाईक आहे, पण मंडळाच्या जागी एकाच पक्षाचे अर्थखाते बसले आहे.

एका घोषणेचे तीन अर्थ

‘एक राज्य’ ही घोषणा करणारे सगळे एकच गोष्ट मागतात असे समजणे ही मोठी चूक ठरेल. प्रत्येकाला एक मत आणि सर्वांना समान कायदा, असे राज्य काहींना अभिप्रेत असते. एडवर्ड सैद यांनी १९९९ मध्ये हीच भूमिका मांडली होती. त्याही आधी, १९२५ साली, जेरुसलेममधील काही ज्यू विचारवंतांनी ‘ब्रित शालोम’ या मंडळाद्वारे द्विराष्ट्रीय राज्याचा पुरस्कार केला होता. इस्रायलमधील कडव्या उजव्यांनाही एक राज्य हवे असते; पण त्यात भूमी सगळी हवी आणि पॅलेस्टिनींना समान मताधिकार मात्र नको. तिसरा अर्थ हमाससारख्या संघटनांचा. त्यांच्या कल्पनेतील एका राज्यात ज्यू राष्ट्राला स्थानच नाही. पहिल्या अर्थाची भाषा वापरून दुसरा किंवा तिसरा अर्थ साधू पाहणारे दोन्हीकडे आहेत, आणि म्हणूनच दोन्हीकडचा सामान्य माणूस या घोषणेकडे संशयाने पाहतो.

हा संशय निराधार नाही. नाझींनी साठ लाख ज्यूंची हत्या केल्यानंतर जगात आपली म्हणावी अशी एक तरी जागा असावी, या भावनेवर इस्रायल उभा राहिला. बगदादसारख्या शहरात शतकानुशतके नांदलेल्या ज्यूंना १९४१ ची दंगल सोसावी लागली आणि १९५०-५१ मध्ये इराकमधील लाखाहून अधिक ज्यू देश सोडून इस्रायलमध्ये आले. त्यांच्या वंशजांना ‘अल्पसंख्य म्हणून सुखाने राहा’ असे सांगणे सोपे नाही. दुसरीकडे १९४८ साली सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्यांतील अनेकांच्या घरांच्या किल्ल्या आजही त्यांच्या नातवंडांनी जपून ठेवल्या आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये तेथील आरोग्य खात्याच्या गणनेनुसार साठ हजारांहून अधिक माणसे मेली आणि शहरेच्या शहरे उद्ध्वस्त झाली. एवढ्या रक्तानंतर लगेच एका संसदेत शेजारी बसा, असे सांगणाऱ्याला दोन्हीकडे श्रोता मिळणे कठीण.

समजा, ही संसद उद्या भरली. तिच्यापुढे पहिलेच विधेयक कोणते येईल? इस्रायलच्या १९५० च्या कायद्यानुसार जगातील कोणत्याही ज्यू व्यक्तीला तेथे येऊन नागरिक होता येते. पॅलेस्टिनी निर्वासित संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावाकडे बोट दाखवून आपल्या गावी परतण्याचा हक्क मागतात. दोन्ही मागण्यांचे नाव एकच आहे: परतणे. आज त्या भूमीत ज्यू आणि अरब जवळपास समसमान, प्रत्येकी सत्तर लाखांच्या वर आहेत. यांपैकी कोणता हक्क राहील आणि कोणता जाईल, यावर उद्याचे बहुमत अवलंबून राहील. जेथे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक आगमन मतपेटीच्या तराजूत तोलले जाते, तेथे लोकशाहीचा कारभार चालवणे म्हणजे तारेवरची कसरत होय.

अर्थशास्त्राची साक्ष

आर्थिक अडचणही लहान नाही. १९९० साली सुमारे सहा कोटी पश्चिम जर्मनांनी सुमारे एक कोटी साठ लाख पूर्व जर्मनांना आपल्यात सामावून घेतले. भाषा एक, राष्ट्र एक, तरीही त्यासाठी खास अधिभार बसवावा लागला आणि दोन्ही भागांतील असूया पुरती मावळलेली नाही. इस्रायलचे दरडोई उत्पन्न पन्नास हजार डॉलरांच्या वर आहे. पश्चिम किनारा आणि गाझा यांचे ते २०२३ च्या युद्धापूर्वीही चार हजारांच्या आत होते. एक राज्य म्हणजे एकच किमान वेतन, एकच विमा, एकच शाळाखर्च. त्याचा भार दोन माणसांमागे एक नवा वाटेकरी या प्रमाणात इस्रायली करदात्यावर पडेल, आणि गाझाची उभारणी त्याखेरीज.

एक राज्यवादी अनेकदा दक्षिण आफ्रिकेचा दाखला देतात. तेथे १९९४ मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला आणि देश दुभंगला नाही, हे खरे. पण एक भेद ध्यानात घ्यायला हवा. दक्षिण आफ्रिकेतील खाणी आणि कारखाने कृष्णवर्णीय मजुरांवाचून एक दिवस चालू शकत नव्हते. त्यामुळे त्यांच्या संपाला वजन होते. पॅलेस्टिनी मजुरांच्या हाती ते वजन राहिलेले नाही. १९८७ च्या उठावानंतर आणि विशेषतः १९९३ पासून इस्रायलने नाकेबंदी करून त्यांच्या जागी थायलंड, रुमानिया आदी देशांतून माणसे आणली. ऑक्टोबर २०२३ पूर्वी पश्चिम किनाऱ्यावरील दीड लाखाच्या आसपास माणसे इस्रायलमध्ये आणि वसाहतींत कामाला जात. त्यानंतर बहुतेकांचे परवाने बंद झाले आणि बांधकामावर भारतातूनही हजारो मजूर गेले. म्हणजे पॅलेस्टिनी अर्थव्यवस्था इस्रायलवर अवलंबून आहे, इस्रायलची मात्र तिच्यावर नाही. असे एकतर्फी अवलंबन समझोत्याला भाग पाडत नाही.

मताची किंमत

मग दोन राज्यांचा मार्ग निर्वेध आहे काय? तसेही नाही. पश्चिम किनारा आणि पूर्व जेरुसलेम मिळून सुमारे सात लाख इस्रायली वसाहतींत राहतात. पश्चिम किनाऱ्याचा सुमारे साठ टक्के भाग १९९५ च्या करारान्वये ‘क’ विभाग म्हणून इस्रायलच्या पूर्ण ताब्यात राहिला. जुलै २०२४ मध्ये क्नेसेटने पॅलेस्टिनी राज्याला विरोध करणारा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी मंजूर केला. पॅलेस्टिनींच्या बाजूला २००६ नंतर वर्षानुवर्षे विधिमंडळाची निवडणूकच न झाल्याने त्यांच्या वतीने शब्द द्यायला अधिकृत कोण, हाही प्रश्न उरतो. दोन राज्यांचे सूत्र जगातील परराष्ट्रमंत्री उच्चारतात आणि तेवढ्यात टेकडीवर आणखी एका वसाहतीचा पाया खणला जातो.

या कोंडीवर प्रकाश टाकणारी एक घटना महाराष्ट्राच्या ओळखीच्या माणसांची आहे. कोकणातून इस्रायलला गेलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या विवाहांबाबत तेथील धर्मपीठाने १९६२ च्या सुमारास वंशशुद्धीची चौकशी लावली. इस्रायलमध्ये विवाह धर्मसंस्थांच्या अखत्यारीत असल्याने हा आघात मोठा होता. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ साली क्नेसेटला हस्तक्षेप करावा लागला, आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत समान ज्यू आहेत, हे मान्य झाले. हा समाज संख्येने लहान, पैशाने सामान्य. तरीही तो जिंकला, याचे एक मोठे कारण म्हणजे तो नागरिकांचा समाज होता आणि त्याच्या हाती मत होते. इस्रायलमधील अरब नागरिकांनाही १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली राहावे लागले. पण मत हाती असल्यामुळे त्यांचा एक पक्ष २०२१ मध्ये सत्ताधारी आघाडीत जाऊन बसू शकला. २०१८ च्या मूलभूत कायद्याने राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क ज्यूंपुरता राखला, त्याविरुद्ध ते न्यायालयातही जाऊ शकले. हेब्रॉनच्या गृहस्थाकडे नेमके हेच साधन नाही.

तेव्हा राज्ये किती असावीत, हा दुसरा प्रश्न होय. ज्याची सत्ता माणसावर चालते तिला जाब विचारण्याचा अधिकार त्या माणसाला असावा, हा पहिला. तो अधिकार एका राज्याच्या समान नागरिकत्वातून मिळू शकतो, किंवा खरोखर स्वतंत्र अशा दुसऱ्या राज्यातूनही. आजच्या भीतीत आणि अविश्वासात एक राज्य लादले, तर सायप्रसची पुनरावृत्ती होईल. तेथे १९६० च्या घटनेने नोकऱ्या सत्तर आणि तीस या प्रमाणात वाटून दिल्या होत्या. तीन वर्षांतच ती व्यवस्था कोसळली. म्हणून आज दोन राज्ये अधिक शक्य कोटीतील वाटतात. भारताचेही अनेक वर्षांचे धोरण तेच आहे. परंतु १९६७ पासून चालत आलेली तिसरी व्यवस्था, म्हणजे सत्ता एकाची, नाणे एकाचे आणि मत मात्र एकालाच, तिचे समर्थन कोणत्याही तत्त्वाने होऊ शकत नाही.

आणि दोन राज्ये झाली तरी वाटून घेणे टळणार नाही. पश्चिम किनाऱ्याच्या डोंगरांवर पडलेला पाऊस जमिनीखालून किनारपट्टीच्या विहिरींत उतरतो. तो सीमेवर पारपत्र दाखवत नाही. बंदर, वीज, मजुरी आणि पाणी यांसाठी १९४७ च्या त्या न जन्मलेल्या मंडळासारखे काहीतरी उभारावेच लागेल, आणि त्यात दोन्ही बाजूंना सारखीच आसने असावी लागतील. दोन्ही राष्ट्रांची भूमी आणि नाणे आधीच एक झाले आहे. अधिकाराची वाटणी तेवढी बाकी आहे, आणि ती जितकी लांबेल तितकी तिची किंमत दोन्हीकडच्या मुलांना मोजावी लागेल.