एका लोकलमध्ये मावणारी निवडणूक

21 जुलै 2025 च्या रात्री जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला आणि देशाचं उपराष्ट्रपतिपद रिकामं झालं. हंगामी उपराष्ट्रपती अशी सोय आपल्या राज्यघटनेत नाही. राज्यसभेचं कामकाज उपसभापती हरिवंश यांनी चालवलं, पण पद रिकामं ते रिकामंच. 12 सप्टेंबरच्या शपथविधीपर्यंत 53 दिवस गेले. म्हणजे 1,272 तास! तेवढ्या वेळात तीन तासांत मुंबई-पुणे गाठणारी गाडी नुसती ये-जा करू द्या, कर्जतला घाटासाठी मागून ढकलणारं बँकर इंजिन लावायलाही थांबवू नका. 424 खेपा होतील. 81 हजार किलोमीटर होतील. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालूनही अंतर उरेल!

आणि ही जागा भरायची किती जणांनी? सगळ्या जागा भरलेल्या असतील तर फक्त 788 जणांनी. लोकसभेचे 543, राज्यसभेचे 245. राष्ट्रपती निवडताना आमदार मत देतात, इथे तेही नाहीत. सगळे खासदार बारा डब्यांच्या कर्जत लोकलमध्ये बसवा, कुणालाच दारात लटकावं लागणार नाही. नेरळला चढणाऱ्यालासुद्धा बसायला मिळेल, आणि हे सकाळच्या गाडीने जाणाऱ्याला सांगून पाहा, विश्वास बसणार नाही त्याचा.

आता त्यांच्यामागची माणसं मोजू. 2024 च्या लोकसभेला मतदारयादीत सुमारे 97 कोटी नावं होती. एका गाडीत 1,200 जण बसले असं धरलं, तरी आठ लाख लोकल लागतात. नेरळहून मिनिटाला एक सोडली, तर शेवटची सुटायला दीड वर्षं! गाडीला गाडी जोडत गेलो तर दोन लाख किलोमीटर, म्हणजे चंद्राची निम्मी वाट मागे पडली. कर्जत तालुक्यातल्या पोशीर गावचा मतदार या रांगेत कुठे? मावळ मतदारसंघात. घाटाखालचं कर्जत, पनवेल, उरण आणि घाटावरचं मावळ, पिंपरी-चिंचवड मिळून 25 लाखांवर मतदार, दोन हजार लोकल भरतील एवढे. त्या सगळ्यांचा खासदार एक, त्याचं मतही एकच!

9 सप्टेंबरला 767 जणांनी मतदान केलं. सी. पी. राधाकृष्णन यांना 452, बी. सुदर्शन रेड्डी यांना 300. निवडून आले ते महाराष्ट्राचे राज्यपाल, म्हणजे तिकडची जागा भरताना आपल्या राजभवनातली रिकामी झाली. तिचा अतिरिक्त कार्यभार गुजरातच्या आचार्य देवव्रतांकडे गेला. 2011 च्या जनगणनेने मोजलं तरी दोन्ही राज्यांचे मिळून 17 कोटींवर लोक, आणि तेव्हा राज्यपाल एक! शिवाय नव्या उपराष्ट्रपतींना धनखडांची उरलेली दोन वर्षं नाही, पूर्ण पाच वर्षं मिळतात.

पण खरी गंमत बेरजेत आहे. 452 अधिक 300 म्हणजे 752. मग उरलेली 15? बाद! नेरळ-माथेरानच्या तीन टॅक्सींत बसतील एवढे खासदार. पण 97 कोटींना 788 ने भागलं, की एका खासदारामागे 12 लाखांवर मतदार येतात. ढोबळच हिशेब, राज्यसभेचे काटेकोर धरू नका. तरीही 15 मतं म्हणजे 1 कोटी 84 लाख मतदार. 2011 ची अख्खी मुंबई 1 कोटी 24 लाखांची होती! मतपत्रिकेवर करायचं काय असतं, तर पसंतीच्या नावापुढे 1 हा आकडा लिहायचा. मतदान गुप्त, त्यामुळे ते 15 कोण हे कळायचं नाही. तुमचा खासदार गावात आला तर विचारून ठेवा, ‘साहेब, तुमचा एक नीट उमटला होता ना?’