विश्लेषण : संकेतस्थळ आपले, कोड परक्याचा, धोका कोणाला?

लातूरमधील शिकवणीवर्गाचा प्रवेश असो वा नांदेडमधील महाविद्यालयाचे शुल्क, विद्यार्थी-पालकांची बरीच कामे आता मोबाइलवर होतात. अशा कोणत्याही संकेतस्थळाचे पान उघडताच दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून कोड येऊन चालू शकतो. तो परस्पर बदलला तर काय होते, हे २०२४च्या ‘पॉलिफिल’ प्रकरणात दिसले.

बाहेरचा कोड कशासाठी?

कॅलेंडर, तक्ते, फिरती छायाचित्रे यांचा कोड कोणी दर वेळी नव्याने लिहीत नाही. त्याचे तयार संच म्हणजे ‘लायब्ररी’ मिळतात. संकेतस्थळ बनवणारा पानात लायब्ररीच्या पत्त्याची एक ओळ टाकतो आणि ब्राउझर तेथून कोड आणून चालवतो. या कोडला पानाच्या स्वतःच्या कोडइतकेच अधिकार मिळतात. अर्जात भरलेला मोबाइल क्रमांक किंवा पासवर्ड वाचून तो इतरत्र पाठवू शकतो.

‘पॉलिफिल’मध्ये काय घडले?

जुन्या ब्राउझरवर नवी संकेतस्थळे नीट चालावीत यासाठी ही मोफत सेवा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे डोमेन ‘फनल’ या चिनी कंपनीकडे गेले. मूळ निर्माते अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच ही ओळ काढून टाकण्याचा सल्ला दिला. जूनमध्ये ‘सॅनसेक’ या सुरक्षा कंपनीने घातक कोड उघडकीस आणला. एक लाखाहून अधिक संकेतस्थळे ही सेवा वापरत होती. मोबाइलवरून येणाऱ्यांना सट्टेबाजीच्या संकेतस्थळाकडे वळवले जात होते. हा कोड ठरावीक मोबाइलवर, ठरावीक वेळीच चाले आणि व्यवस्थापक लॉगइन असल्यास गप्प राही. त्यामुळे मालकांना संशय आला नाही. अखेर डोमेन बंद करण्यात आले.

उपाय काय?

लायब्ररीची तपासलेली, ठरावीक आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग. मात्र तिच्यातील त्रुटी दुरुस्त होतात तेव्हा नवी आवृत्ती घेण्याची जबाबदारीही आपलीच. दुसरा मार्ग ‘इंटिग्रिटी’ तपासणीचा. त्यात कोडचा हॅश, म्हणजे जणू अंगठ्याचा ठसा, पानात नोंदवतात. आलेला कोड त्याच्याशी जुळला नाही तर ब्राउझर तो चालवत नाही. ‘पॉलिफिल’ प्रत्येक ब्राउझरला वेगळा कोड देत असल्याने तेथे हा उपाय लागू पडत नव्हता. लॉगइन आणि शुल्काच्या पानांवर बाहेरचा कोड शक्यतो टाळावा.

संस्थाचालक आणि पालकांनी काय करावे?

एकदा बनवून घेतलेल्या संकेतस्थळाकडे अनेकदा वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. संस्थाचालकांनी ते बनवणाऱ्याकडून बाहेरून येणाऱ्या कोडच्या पत्त्यांची यादी मागावी आणि प्रत्येक पत्ता आज कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारावे. पान अचानक भलतीकडे वळले तर पालकांनी माहिती भरू नये आणि संस्थेला कळवावे. पैसे गेल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पानातील एका ओळीने आपण कोडवर नव्हे, पत्त्यावर विश्वास ठेवतो. आणि पत्ता विकला जाऊ शकतो.