आम्ही नुसता मार खायचा का?

मुखेड तालुक्यातल्या आमच्या तरुणांशी बोलायला बसले की एक प्रश्न हमखास येतो. मोर्चा शांततेत चाललेला असतो, कुठल्यातरी माडीवरून दगड येतो, आमच्या आयाबहिणींची डोकी फुटतात. मग आम्ही काय करायचे? नुसता मार खायचा का? आणि हात उचलला तर दंगलीची कलमे आमच्याच पोरांवर लागतात. प्रश्न रागाचा आहे, पण खोटा नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. आमच्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांना जाळून मारले. ही हकिकत ऐकत जे वाढले त्यांना 'कायदा हातात घेऊ नका' एवढे सांगून भागत नाही.

मुळात स्वतःचा बचाव करणे म्हणजे कायदा हातात घेणे नव्हे. तो कायद्यानेच दिलेला हक्क आहे. जुन्या भारतीय दंड विधानात तो ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. स्वतःच्या शरीराचा आणि दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा बचाव करता येतो. म्हणजे मोर्चात शेजारी चालणाऱ्या अनोळखी म्हातारीवर काठी पडत असेल तर ती काठी अडवण्याचा, मारणाऱ्याला ढकलण्याचा हक्क तुम्हाला आहे. पहिला घाव बसेपर्यंत थांबण्याची सक्तीही नाही. धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी भीती असेल, किंवा माणसे राहतात त्या घराला कुणी आग लावत असेल, तर हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जातो. जमावाने जिवावर घातलेल्या हल्ल्याचे उदाहरण तर कायद्याच्या पुस्तकातच दिलेले आहे. अठ्ठ्याहत्तर साली वस्तीवर चालून आलेल्या जमावासमोर आमच्या माणसांना हा हक्क होता. दोनशेंपुढे दहा घरे तो वापरणार कशी, हा भाग वेगळा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सांगितले, की अंगावर हल्ला आला असता नागरिकाने भित्र्यासारखे पळावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. संकटातल्या माणसाने किती जोर लावला हे सोनाराच्या काट्यावर तोलू नये, हेही न्यायालये वर्षानुवर्षे सांगत आली आहेत.

हे वाचून कुणी बाह्या सरसावू नयेत. आमचे खटले बुडतात ते पुढच्या भागात.

धोका संपला की हक्क संपला. दगड मारणारा पळाला, आमच्या पोरांनी तीन गल्ल्या त्याचा पाठलाग करून त्याला धोपटले, येताना एका दुकानाच्या काचा फोडल्या. याला न्यायालय बचाव म्हणत नाही, सूड म्हणते. त्या दुकानदाराने तर दगडही मारलेला नसतो. पाच किंवा जास्त माणसांच्या जमावाचा समान उद्देश बेकायदेशीर ठरला की एकाने केलेले कृत्य सगळ्यांच्या माथी बसते. पूर्वीचे कलम १४९, आताचे १९०. याउलट जी माणसे फक्त बचाव करत होती त्यांचा जमाव बेकायदेशीर ठरत नाही. पण दोन्ही बाजू ठरवून भिडल्या असे दिसले, तर बचावाचा हक्क दोघांनाही मिळत नाही.

तयारीचेही तसेच. संविधानाने सभा-मोर्चाचा हक्क दिला तो शांततेने आणि विनाशस्त्र. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ३७ लागू असले की काठ्या बाळगण्यावरही बंदी असते. निळ्या झेंड्याची काठी यात येते का, यावर ठाण्यात वाद घालून आमचे कार्यकर्ते थकले आहेत. अशा वेळी झेंड्याला हलका, बारीक दांडा लावावा हे बरे. हल्ला झाला त्या क्षणी हाताला लागलेले लाकूड वेगळे आणि टेम्पोत भरून आणलेले दगड वेगळे. हा फरक न्यायाधीशाला लगेच कळतो.

आता पोलिसांचे. इथे कायदा आमच्या बाजूने फार कमी आहे. अधिकारी आपल्या पदाच्या अधिकारात, सद्भावनेने काही करत असेल, तर त्याचे कृत्य काटेकोरपणे कायद्यात बसत नसले तरी त्याच्याविरुद्ध बचावाचा हक्क नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तरच अपवाद. लाठी पडली म्हणून दगड उचलला की खटला तिथेच हरला. लाठीमाराचा हिशेब न्यायालयात मागायचा असतो. तो मिळायला किती वर्षे लागतात हे रमाबाई नगरने पाहिले आहे. ११ जुलै १९९७ ला तिथे आमची दहा माणसे गोळीबारात मेली. जमाव टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडल्या, असा बचाव तेव्हा पोलिसांनीच पुढे केला. गुंडेवार आयोगाने तो मानला नाही. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेप दिली आणि लगोलग उच्च न्यायालयात तिला स्थगिती मिळाली. परभणीचे तर कालचेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदमध्ये मोडतोड झाली, नंतर वस्तीतून धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत गेला. मोडतोड करणारे हात कुणाचे होते हे ठरण्याआधी कायदा शिकणारा आमचा मुलगा मेला.

न्यायालयात 'आम्ही बचाव केला' हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. पण ते संशयातीत सिद्ध करावे लागत नाही, शक्यता आपल्या बाजूला झुकली तरी पुरते. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर त्याचा फायदा आरोपीला मिळू शकतो, हे लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९७६ सालीच सांगितले गेले. म्हणून मार लागला की त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन जखमांची नोंद करून घ्यावी. आमची पोरे अटकेच्या भीतीने शेतात लपतात, आठ दिवसांनी सापडतात, तोवर वळ गेलेले असतात. दुसरी चूक म्हणजे 'मी तिथे नव्हतोच' हे सांगणे. तिथे नव्हता तर बचाव कुणी केला? वकिलाला पहिल्याच दिवशी खरे काय ते सांगावे. समोरच्यांनी फिर्याद दिली असेल तर आपलीही द्यावी. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवावी, तरीही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

महाडला २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या आमच्या माणसांवर सनातन्यांनी काठ्या चालवल्या. उलट मारायला शेकडो हात तयार होते. बाबासाहेबांनी ते आवरले आणि खटला चालवला. हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची शिक्षा झाली. तळ्याचा दावा मात्र दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकला. आवरणे म्हणजे मार खात राहणे नव्हते. त्याच वर्षी समता सैनिक दलाची उभारणी सुरू झाली.

येत्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीआधी मुखेडच्या कार्यकर्त्यांनी मार्ग, वेळ आणि स्वयंसेवकांची यादी ठाण्यात लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि ज्या माडीवरून मागे दगड आले असतील ती जागा त्या अर्जात नावानिशी लिहावी. दोन पोरांच्या हाती फक्त मोबाईल द्यावा. त्यांनी घोषणा द्यायच्या नाहीत की हाणामारीत पडायचे नाही, पहिला दगड कुठून आला तेवढे टिपायचे.