छातीतलं पाणी: साधी सूज की मेसोथेलिओमा?

आजचा विषय थोडा अवघड आहे, पण त्याची सुरुवात आपल्या शिरपूरच्या कुठल्याही ओपीडीत होऊ शकते. साठीचा माणूस येतो. दम लागतो, छाती एका बाजूला जड वाटते. एक्स-रेमध्ये फुप्फुसाभोवती पाणी दिसतं. आपल्याकडे पहिली शंका टीबीची येते, आणि ती रास्तच आहे. पण एक प्रश्न बऱ्याचदा राहून जातो: "काका, तरुणपणी कुठं कामाला होतात?"

आता हा प्रश्न का विचारायचा? फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाला प्लुरा म्हणतात. त्याच्या पेशींचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी 1960 साली याचा संबंध अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशी दाखवला. धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण 20 ते 50 वर्षं जातात. म्हणजे मुंबईच्या कारखान्यात काम केलेला माणूस गावी परत आल्यावर आजारी पडतो. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या 181 कामगारांची तपासणी 2005 साली प्रसिद्ध झाली. त्यात 41 जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस आढळला. अ‍ॅस्बेस्टोसिस हा कॅन्सर नव्हे, पण धूळ फुप्फुसात किती खोल पोचते ते त्यावरून कळतं.

आता तपासण्यांकडे वळू. पाणी काढलं की प्रथम प्रोटीन आणि एलडीएच बघतात. त्यावरून पाणी हृदय-किडनीच्या त्रासाचं की प्लुराच्या आजाराचं, एवढं ठरतं. मग एडीए. तो 40 च्या वर आणि पाण्यात लिम्फोसाइट जास्त, तर आपल्या भागात टीबीची शक्यता मोठी. पण एडीए पू झाल्यावर वाढतो, लिम्फोमात वाढतो, कधीकधी मेसोथेलिओमातही वाढतो. म्हणून टीबीच्या गोळ्या चालू असूनही पाणी पुन्हापुन्हा भरत असेल, तर थांबून नव्यानं विचार करायला हवा.

पुढची पायरी पेशींची, आणि इथंच सगळ्यात मोठा गोंधळ होतो. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, "कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी-1 पॉझिटिव्ह". घरचे घाबरतात. पण नीट समजून घेऊ. हे मार्कर पेशीचं फक्त आडनाव सांगतात, की ही प्लुराच्या घराण्यातली आहे. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमापासून मेसोथेलिओमा वेगळा करायला ते उपयोगी पडतात. पण टीबीनं किंवा न्यूमोनियानं सुजलेल्या प्लुराच्या साध्या पेशीसुद्धा कॅलरेटिनिन पॉझिटिव्हच असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या कॅन्सरसारख्या दिसूही शकतात. आडनाव कळलं म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही.

गुन्ह्याचा पुरावा देणारे मार्कर वेगळे. पहिला बीएपी-1. निरोगी पेशीच्या केंद्रकात हे प्रथिन असतं, त्यामुळे केंद्रक तपकिरी रंगतं. प्लुराच्या पेशींचं केंद्रक कोरं राहिलं, आणि त्याच काचेवर शेजारच्या लिम्फोसाइटचं मात्र रंगलं, तर पेशी कॅन्सरच्या असण्याचा तो भक्कम पुरावा. दुसरा एमटीएपी. तो पेशीच्या द्रवातून नाहीसा झाला, तर शेजारचं सीडीकेएन-2ए हे जनुकही गेलेलं असण्याची दाट शक्यता असते. ते 'फिश' तपासणीनं थेटही बघता येतं. साध्या सुजेत हे बदल सहसा दिसत नाहीत.

पण उलट अर्थ काढू नका बरं का. बीएपी-1 शाबूत आहे म्हणजे कॅन्सर नाही, असं नव्हे. बऱ्याच मेसोथेलिओमांमध्ये तो शाबूतच राहतो. तेव्हा दुर्बिणीतून प्लुराचा तुकडा घ्यावा लागतो. त्या पेशी प्लुराखालच्या चरबीत घुसलेल्या दिसल्या, तर प्रश्न बहुतेक सुटतो.

रक्तातल्या मेसोथेलिनचं काय? तो खूप वाढला तर संशय बळावतो. पण अनेक रुग्णांत तो वाढतच नाही, आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये किंवा किडनी बिघडल्यावरही वाढतो. त्यामुळे एकट्या रक्त-तपासणीवर निदान करायचं नाही.

चूक दोन्हीकडून महागात पडते. कॅन्सरला टीबी समजलं तर मोलाचे महिने जातात. साध्या सुजेला कॅन्सर समजलं तर घर शेत विकायला निघतं.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवू. काढलेलं पाणी सगळं फेकू नका. भरपूर पाणी पाठवून सेल ब्लॉक करायला सांगा, म्हणजे वर सांगितलेले मार्कर त्यावर लावता येतात. रिपोर्टमध्ये फक्त कॅलरेटिनिन असेल तर "बीएपी-1 केलं का?" असं विचारा. आणि कामाचा इतिहास लिहून द्या. सर्वोच्च न्यायालयानं 27 जानेवारी 1995 च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यातला जो काळ नंतर संपेल तोवर, ठेवायला सांगितलं आहे. त्या नोंदी मागायचा हक्क आहे. जुनं कामाचं ओळखपत्र ट्रंकेत असेल तर तेही जपून ठेवा. पॅथॉलॉजिस्टला काचेवर जे दिसत नाही, ते त्यातून कळू शकतं.