'द लोकल ट्रेन'चे दोन अल्बम आणि श्रोत्यांचा कौल

चंडीगड येथे २००८ साली स्थापन झालेल्या 'द लोकल ट्रेन' या बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम 'आलस का पेड़' २०१५ साली, म्हणजे तब्बल सात वर्षांनी प्रकाशित झाला. गायक रमण नेगी, गिटारवादक पारस ठाकूर, बास गिटारवादक रमित मेहरा आणि ड्रमवादक साहिल सरीन हे चौघे या अल्बममागे होते. दुसरा अल्बम 'वाकिफ' २०१८ साली आला.

या अल्बमांच्या स्वागताचे महत्त्व समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. भारतातील रॉक संगीत दीर्घकाळ प्रामुख्याने इंग्रजीतच लिहिले गेले. १९८० च्या दशकात मुंबईत उदयास आलेला 'रॉक मशीन', पुढे 'इंडस क्रीड', हे त्याचे ठळक उदाहरण. हिंदीत गाणारे बँड नव्हते असे नाही. दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ने लोकसंगीताची वाट धरली. पुण्याच्या 'अग्नी'चा अल्बम २००७ साली आला. तथापि चित्रपटाच्या आधाराविना हिंदी रॉकचा संपूर्ण अल्बम श्रोत्यांपर्यंत पोहोचविणे कठीणच होते. त्यातही चंडीगड हे पंजाबी पॉप संगीताच्या बाजारपेठेच्या ऐन मध्यावर वसलेले शहर!

'आलस का पेड़'मधील 'छू लो' आणि 'आओगे तुम कभी' ही गाणी महाविद्यालयीन तरुणांनी अक्षरशः तोंडपाठ केली. 'छू लो' इंटरनेटवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले. त्याच वर्षी 'सेनहायझर टॉप ५०' या उपक्रमात देशातील अव्वल रॉक बँड म्हणून 'द लोकल ट्रेन'ची निवड झाली.

कठोर रॉकच्या चाहत्यांना या संगीतावर आक्षेप घेता येईल. चाली सरळ आहेत, गिटारची करामत मर्यादित आहे आणि काही गाणी पॉपच्या सीमारेषेवर रेंगाळतात. परंतु हाच साधेपणा या गाण्यांचे बळ ठरला. गिटारचा आवाज शब्दांवर कुरघोडी करीत नाही, त्यामुळे पहिल्याच ऐकण्यात ओळ समजते आणि हजारोंच्या जमावाला ती एका सुरात गाता येते. पर्यायी रॉकमध्ये वादनकौशल्याच्या प्रदर्शनापेक्षा गाण्याच्या एकंदर परिणामाला प्राधान्य मिळते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

'वाकिफ'मध्ये मांडणी अधिक प्रौढ झाली. 'खुदी' आणि 'दिल मेरे' या गाण्यांतील हिंदुस्थानी शब्दकळा मराठी कानाला परकी वाटत नाही. मराठीतील 'वाकबगार' हा शब्द 'वाकिफ'च्याच कुळातला आहे.

२०२२ साली रमण नेगी बँडपासून विलग झाले. दोन्ही अल्बमांची ओळख त्यांच्या आवाजाशी इतकी एकरूप झाली होती की, या गाण्यांत बँडचा वाटा किती आणि गायकाचा किती, हा वाद चाहत्यांमध्ये रंगला.