टुंड्राचा धडा महाड-पोलादपूरच्या मुलांना कसा समजवाल?

टुंड्रा प्रदेश म्हटलं की मुलं घडाघडा सांगतात : कडाक्याची थंडी, शेवाळं, दगडफूल, रेनडिअर. पण हवामान बदलाचा विषय निघाला की वर्गातलं एखादं पोर हमखास विचारतं, "तिकडे गरम झालं तर झाडं वाढतील, मग बिघडलं काय?" प्रश्न रास्त आहे. घरी पालकांनाही तो विचारला जाईल, म्हणून उत्तर जरा नीट पाहू.

टुंड्रात झाडं नाहीत, कारण थोड्याशा मातीखाली जमीन बारमाही गोठलेली असते. मुळांना खोल जाता येत नाही. उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. म्हणून तिथल्या वनस्पती जमिनीला चिकटून वाढतात. त्यांची पानं, मुळं मेल्यावर थंडीमुळे कुजत नाहीत, तशीच साठून राहतात. हजारो वर्षं साठलेला हा कार्बन अंदाजे दीड लाख कोटी टन आहे, म्हणजे आज सगळ्या हवेत जेवढा आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट!

१९७९ पासून उत्तर ध्रुवाकडचा भाग जगाच्या सरासरीपेक्षा सुमारे चौपट वेगाने तापतो आहे. त्यामुळे विलो, बर्च यांची झुडपं टुंड्रात पसरू लागली आहेत. वरवर हिरवळ वाढली. पण झुडपांच्या सावलीत दगडफूल मरतं, आणि हिवाळ्यात रेनडिअर जगतात ते त्याच्यावर. झुडपांत बर्फ अडकून साचतो. तो गोधडीसारखं काम करतो, त्यामुळे खालची जमीन हिवाळ्यातही पुरेशी गार होत नाही. मग गोठलेलं वितळतं, कुजू लागतं, आणि कार्बन डायऑक्साइड नि मिथेन बाहेर पडतात. नवी झुडपं जेवढा कार्बन शोषतील त्यापेक्षा जमिनीतून जास्त सुटण्याची भीती आहे. त्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं.

उरलेलं अर्धं पीटच्या दलदलीत आहे. पीट मुलांना परकं वाटेल, पण नर्सरीतलं कोकोपीट त्यांनी पाहिलेलं असतं. नारळाच्या सोडणाच्या त्या भुशाला हे नाव मिळालं ते खऱ्या पीटच्या जागी वापरतात म्हणूनच. खरं पीट तयार होतं मुख्यतः स्फॅग्नम नावाच्या शेवाळापासून. हे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं. पाण्याखाली प्राणवायू नाही, त्यामुळे मेलेलं शेवाळ कुजत नाही, थरावर थर चढतो. वेग किती? साधारण वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. अशा दलदली जगातल्या जमिनीच्या फक्त ३ टक्के, पण मातीतल्या एकूण कार्बनचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांच्यात आहे. उन्हाळे लांबले की पाणी खाली जातं, शेवाळ सुकतं, गवत आणि झुडपं शिरतात, ती आणखी पाणी ओढतात. कोरडं पीट पेटतंही. २०१० साली मॉस्कोभोवती ते पेटलं तेव्हा शहर कित्येक दिवस धुरात होतं.

आता आपल्याकडे या. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणीकडे गेलं की जांभ्याची पठारं लागतात. पुढे साताऱ्याजवळ कास. तिथे पीट नाही, कारण आपल्या उन्हाळ्यात सगळं कुजून किंवा करपून जातं. पण पावसाळ्यात या पठारांवर बोटभर माती, साचलेलं पाणी आणि खताची वानवा अशी अवस्था असते, थेट दलदलीसारखी. म्हणूनच युरोपातल्या दलदलीत दिसणारे दवबिंदू आणि सीतेची आसवं यांचे भाऊबंद इथे भेटतात. मातीत नत्र नाही, म्हणून या वनस्पती बारीक किडे खातात. सोबतीला गेंद असतो. टुंड्राला थंडी मोठं होऊ देत नाही, इथे आठ महिन्यांचा कोरडा काळ होऊ देत नाही.

यातल्या बऱ्याच वनस्पती एकवर्षायू. जूनमध्ये रुजायचं, फुलायचं आणि पाणी आटायच्या आत बी टाकायचं. त्यांना वर्षाचा एकूण पाऊस किती झाला याच्याशी देणंघेणं नाही, तो कसा पडला याच्याशी आहे. मध्येच पंधरा-वीस दिवस कडक ऊन पडलं तर बोटभर माती तडकते. एकाच दिवसात धो-धो कोसळला तर मातीच वाहून जाते. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं संशोधनातून दिसलं आहे.

अशा पावसाबद्दल महाडकरांना वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ते पाणी सावित्रीतून महाडात शिरलं, आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला. तो एक पाऊस टुंड्रामुळे पडला असं वर्गात सांगू नका, ते खोटं ठरेल. एवढं सांगा : हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि टुंड्रातून सुटलेला कार्बन ती हवा आणखी तापवतो.

दुसरंही एक खरं सांगा. पठारांना आजचा मोठा धोका खाणी, बांधकामं आणि फुलं तुडवणारे पर्यटक यांचा आहे. सगळं हवामानावर ढकललं की माणसं सुटतात.

प्रयोग सोपा आहे. सुकं कोकोपीट वजन करून घ्या, भिजवा, निथळू द्या, पुन्हा वजन करा. शेजारी तेवढ्याच वजनाची अंगणातली माती तशीच भिजवा. दोन्ही ताटल्या उन्हात ठेवून रोजचं वजन मुलांनाच लिहू द्या. जून ते सप्टेंबर शाळेजवळच्या एखाद्या ओल्या कातळावरही लक्ष ठेवा : पहिलं फूल कधी आलं, पाणी कधी आटलं, उघडीप किती दिवस होती. वही पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे द्या.